टीव्हीला जोडायचा कॉम्प्युटर

आश्विन आला की आमच्या स्टुडिओतल्या पोरांना अचानक धर्म आठवतो. वर्षभर ज्या यंत्रांसमोर बसून ती वडापाव खातात, ज्यांच्यावर चहाचे कप ठेवतात आणि ज्यांना मनसोक्त शिव्या घालतात, त्यांच्या गळ्यात खंडेनवमीला झेंडूच्या माळा पडतात. यंदाही पडल्या. ऋतुजा नावाची एक मुलगी आमच्याकडे ॲनिमेशन करते. हातात कला आहे आणि तोंड त्याहून तेज. तिने चित्र काढायच्या टॅबवर ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं, तर पडद्यावरची उघडी फाइलच बंद झाली. ‘सर, देवीची इच्छा आहे, आज सुट्टी द्या,’ असं ती म्हणाली आणि सगळे हसले. मीही हसलो. पण कुंकू लागलेलं यंत्र बघितलं की माझ्या कानाच्या पाळ्या गरम होतात. दर वर्षी होतात. लाज ही गोष्ट मला पहिल्यांदा कानातच जाणवते, मग चेहऱ्यावर येते.

यंदा कान दोनदा गरम झाले. पूजेनंतर पेढे खाता खाता ऋतुजाने एका नव्या सॉफ्टवेअरचा विषय काढला. पहिलं चित्र द्यायचं, शेवटचं द्यायचं, मधली सगळी ते स्वतःच काढतं. ‘सर, तुम्ही वापरलं असेलच ना?’ तिने सहज विचारलं. मी पेढा गिळला आणि म्हणालो, ‘हो, बघितलंय मी.’ खरं म्हणजे मी त्याचं नावही नीट ऐकलेलं नव्हतं. मग तिने काहीतरी पुढचं विचारलं, त्यावर मी विचारवंतासारखी मान हलवली. ही मान हलवण्याची कला मला गेल्या काही वर्षांत फारच साधली आहे.

एरवी यंत्रांबद्दल मला भरपूर मतं आहेत आणि कोणी विचारलं नाही तरी मी ती सांगतो. माझं मत असं की माणसाने लावलेल्या शोधांमध्ये चाकाच्या खालोखाल केलेलं मागे घेण्याच्या बटणाचा नंबर लागतो. रेघ चुकली, दाबलं बटण, रेघ गेली. हे आयुष्यात कुठेच मिळत नाही, फक्त कॉम्प्युटरवर मिळतं. माझं असंही मत आहे की ज्या वस्तूला दाबल्यावर टक असा आवाज येत नाही ती वस्तू आपल्याशी बोलत नाही. आणि जुने व्हिडिओ गेम आजच्यापेक्षा जास्त सचोटीचे होते. आजचे गेम तुम्हाला सांभाळून घेतात, पडलात तर उचलून तिथेच उभं करतात. जुन्या गेममध्ये खड्ड्यात पडलं की पडलं. पुन्हा पहिल्यापासून. लहानपणी मला हा अन्याय वाटायचा. आता वाटतं, निदान ते खोटं तरी बोलत नव्हते.

ही सगळी मतं ज्या एका ऑक्टोबरातून उगवली, त्याबद्दल मी फारसं कोणाला सांगत नाही.

तेव्हा आम्ही भाईंदर पश्चिमेला राहायचो. नव्वदीचं दशक निम्मं सरलं असेल. बाबांनी लालबागची दहा बाय बाराची खोली सोडून इथे वन रूम किचन घेतला होता. लालबागच्या नातेवाइकांना भाईंदर हे गुजरातच्या आसपास कुठेतरी आहे असं वाटायचं आणि आमच्या मजल्यावरच्या दारांवरची गुजराती नावं वाचल्यावर त्यांची खात्रीच व्हायची. त्या दिवसांत पाऊस नुकताच परतलेला असायचा. मिठागरांकडून वारा आला की ओल्या चिखलाचा खारट वास घरभर पसरायचा. दुपारी ऊन असं पडायचं की गच्चीवर टाकलेल्या गाद्यांना हात लावता येऊ नये. सहामाही परीक्षा दसऱ्याच्या आगेमागे यायची, त्यामुळे झेंडूचा वास आला की मला अजूनही भूमितीचा पेपर आठवतो. आणि त्याच वासात मिसळलेला आणखी एक वास, बराच वेळ चालू राहून तापलेल्या टीव्हीचा.

आमच्या बिल्डिंगमध्ये नवीन वस्तू पहिल्यांदा कोणाकडे येणार हे ठरलेलं होतं. सावंतांकडे, म्हणजे आमच्याकडे. पैसे सगळ्यांत जास्त म्हणून नव्हे, बाबांना राहवायचं नाही म्हणून. मच्छर मारायची इलेक्ट्रिक मशीन, आकडे चमकणारं घड्याळ, टीव्हीचा स्टॅबिलायझर. वस्तू घरी आली की बाबा आधी तिचं माहितीपत्रक वाचायचे आणि मग जेवायचे. आई ताट वाढून बसलेली, आणि बाबा कॉटवर मांडी घालून, चष्मा कपाळावर, कागद नाकाशी. चार भाषांत छापलेलं असेल तर चारही बाजू उलटून बघायचे. मग आठवडाभर शेजारीपाजारी येऊन विचारायचे, ‘सावंत, त्या मशीनचं कसं काय?’ आणि बाबा ते यंत्र स्वतः बनवल्यासारखे सांगायचे. फोर्टातल्या एका सरकारी ऑफिसात ते क्लार्क होते. तिथे त्यांना कोणी काही विचारत नसे. बिल्डिंगमध्ये विचारायचे, आणि त्या विचारण्यावर बाबा जगायचे असं आता वाटतं.

त्या वर्षी त्यांच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला. काचेची केबिन, आत एसी, बाहेर चपला काढायच्या. बाबा घरी येऊन हे एखाद्या देवळाबद्दल सांगावं तसं सांगायचे. शिकायला मात्र तरुण पोरांना पाठवलं. बाबांनी विचारलं तर साहेब म्हणाले, ‘सावंत, तुम्ही आता कशाला त्रास घेता?’ हे बाबांनी आम्हाला सांगितलं नाही. एकदा आईशी बोलताना मी ऐकलं. आई भाकऱ्या थापत होती, तिने तवा उतरवला आणि म्हणाली, ‘मग घरी शिका.’ तिला काय ठाऊक की हे वाक्य बाबा अक्षरशः घेतील.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी बाबा स्टेशनवरून रिक्षाने आले. स्टेशन ते घर आम्ही आयुष्यभर चालत आलेलो, त्यामुळे रिक्षा दाराशी थांबलेली बघून आई घाबरून खाली धावली. बाबांच्या मांडीवर एक लांबट खोका होता. ग्रँट रोडच्या बाजारातून आणलेला. दुकानदाराने सांगितलं होतं, साहेब, कॉम्प्युटरच आहे, फक्त टीव्हीला जोडायचा. खोक्यावर एक गोरा मुलगा टायपिंग करत हसत होता. आईला त्या दिवाळीत मिक्सर येणार होता. तिने खोक्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं आणि मिक्सरचं नाव काढलं नाही. पुढेही कधी काढलं नाही.

दसऱ्याला पूजा झाली. करड्या रंगाचा तो कीबोर्ड पाटावर, पाटाखाली रांगोळी. आईने रात्रीतून जुन्या साडीचं झालर लावलेलं कव्हर शिवलं होतं. बाबांनी टेबलफॅन आमच्याकडून काढून कॉम्प्युटरकडे वळवला, कारण कॉम्प्युटरला थंडावा लागतो. आम्ही घामाने निथळत उभे आणि कॉम्प्युटरला वारा. आईने हळद-कुंकू वाहिलं, अक्षता वाहिल्या, आणि कुंकवाचं एक बोट जरा जास्तच ओलं निघालं. ते सगळ्यांत लांब बटणाच्या फटीत उतरलं. पुढे ते बटण दाबलं की वर यायला वेळ घ्यायचं.

बाबांनी बिल्डिंगमध्ये सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. आपट्याची पानं द्यायला आलेली माणसं दाराबाहेर चपला काढून आत येत होती. चपला तर लोक एरवीही काढायचे, पण त्या दिवशी बाबा मुद्दाम सांगत होते. तळमजल्यावरच्या साळवी काकूंनी तर कीबोर्डला लांबूनच नमस्कार केला. सोसायटीचे सेक्रेटरी हसमुखभाई पेढ्यांचा पुडा घेऊन आले. साड्यांचा धंदा, स्वभाव गोड, आवाज मोठा.

‘सावंतभाई, ये तो बहुत अच्छा काम किया. अब अपनी सोसायटी एकदम मॉडर्न,’ ते म्हणाले. ‘एक काम करो ना. पाडव्याला किल्ल्यांचं इनाम देते आपण. बच्चा लोग का नाम टीवी पे दिखाओ. कॉम्प्युटर से.’

‘होऊन जाईल,’ बाबा म्हणाले.

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी बाबांच्या बाजूला उभा होतो आणि माझी छाती शर्टात मावत नव्हती.

मग केतन आला. हसमुखभाईंचा भाचा, इंजिनीअरिंगला होता, सणाला मामाकडे आलेला. मुलगा वाईट नव्हता. त्याने कीबोर्ड हातात घेतला, उलटा केला, मागची लांब फट बघितली, खोक्यातली पिवळी कॅसेट त्यात घातली आणि टीव्ही लावला. एकदम उड्या मारणारं टिणटिण संगीत सुरू झालं आणि पडद्यावर एक टोपीवाला छोटा माणूस पळायला लागला.

‘अंकल, ये तो व्हिडिओ गेम है,’ केतन म्हणाला. ‘आजकल कीबोर्ड लगा के देते हैं.’

खोलीत जमलेली पोरं ओरडली, त्यांना याहून मोठा आनंद कुठला. मोठ्या माणसांनी मात्र बाबांकडे बघितलं. बाबांच्या कपाळावर पूजेचा टिळा होता. तो तसाच होता, खालचा चेहरा तेवढा बदलला.

‘हां,’ बाबा म्हणाले, ‘गेम भी है.’

त्यांच्या या ‘भी’ने मला जेवढं ओशाळवाणं केलं तेवढं नंतर आयुष्यात फार थोड्या गोष्टींनी केलं. खोली हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. हसमुखभाईंनी पेढा पुढे केला, साळवी काकू म्हणाल्या, ‘चला, पोरांना खेळायला झालं,’ आणि माणसं चपला घालून गेली. टेबलफॅन पाटावरच्या झेंडूच्या पाकळ्या उडवत राहिला.

पुढचे दिवस बिल्डिंगने थट्टेची हौस भागवून घेतली. थट्टेत विष नव्हतं, पण ती रोज होती. बाबा संध्याकाळी जिना चढताना कोणीतरी हटकायचं, ‘काय सावंत, किती लाइफ बाकी?’ शाळेत एका मुलाने सगळ्या वर्गाला सांगितलं की याच्या बाबांनी व्हिडिओ गेमची पूजा केली, आरतीसकट. आरती झाली नव्हती. पण हे मी कुठल्या तोंडाने सांगणार? मी घरी यायचा रस्ता बदलला. बाजारातून सरळ न येता मागच्या गल्लीतून यायचो, म्हणजे आमच्या बिल्डिंगचं गेट टाळून मागच्या बाजूने जिन्यापाशी पोहोचता यायचं.

बाबांनी रस्ता बदलला नाही. ते त्याच जिन्याने, त्याच हसऱ्या चेहऱ्याने वर यायचे. बिल्डिंगमधली पोरं आमच्याकडे खेळत बसलेली असायची. त्यांना ते कधी उठवायचे नाहीत. चहा घ्यायचे, वाट बघायचे. पोरं गेली की पिवळी कॅसेट काढून दुसरी, काळी कॅसेट घालायचे. तिच्यात टायपिंग होतं आणि तिच्यातच एक अशी जागा होती जिथे इंग्रजीत हुकूम लिहिले की यंत्र ऐकायचं. सोबत पातळ माहितीपत्रक होतं, त्यातलं इंग्रजी बहुधा चीनमधून चालत आलेलं. बाबा शाळकरी शब्दकोश मांडीवर घेऊन एकेक ओळ सोडवायचे. मला बोलवायचे. मी अभ्यासाचं निमित्त करायचो आणि पुस्तकाच्या वरून बघायचो.

एके दिवशी पडद्यावर एक दिवा दिसला. चौकोनी ठोकळ्यांची पणती आणि वर चांदण्यांसारख्या खुणांची ज्योत. बाबांनी एक बटण दाबलं. ज्योत डावीकडे झाली, उजवीकडे झाली, पुन्हा डावीकडे. दोनच चित्रं, आलटून पालटून. तेवढ्यानेच ती हलायला लागली, जणू खोलीत कुठून वारा आला होता. स्वयंपाकघराच्या दारात आई हात पुसत उभी राहिली आणि म्हणाली, ‘अगंबाई, फडफडतोय.’ आज मी पोरांना शिकवतो की हालचाल दोन चित्रांच्या मधल्या जागेत असते. हे मला कोणत्याही पुस्तकाने शिकवलं नाही. त्या पणतीने शिकवलं. पण तेव्हा मी डोळे पुन्हा पुस्तकात घातले, कारण खाली पोरं खेळत होती आणि खिडकी उघडी होती.

त्या यंत्राची एक खोड होती. त्याला काही लक्षात ठेवता यायचं नाही. बंद केलं की लिहिलेलं सगळं गेलं. साठवायला आत जागाच नव्हती. त्यामुळे बाबा रोज संध्याकाळी तो दिवा नव्याने लिहायचे. सुट्टीच्या दिवशी एकदा लिहिला की बटणावर रुमाल बांधून ठेवायचे, कोणी चुकून बंद करू नये म्हणून. आई केर काढताना त्या रुमालाला वळसा घालून जायची. आज आमची यंत्रं दर मिनिटाला आपोआप सगळं साठवतात, न विचारता. पोरं त्याबद्दल कुरकुर करतात, मशीन स्लो होतं म्हणून.

हसमुखभाई एकदा वर आले आणि हळूच म्हणाले, ‘सावंतभाई, वो नाम का रहने दो. मैं चार्ट पेपर पे लिखवा लेता है.’ माणूस चांगला होता, त्याला बाबांची अब्रू वाचवायची होती. बाबा म्हणाले, ‘नको. मी होऊन जाईल म्हणालोय.’ मला वाटलं, बाबांनी हो म्हणावं. देवाला मी तेव्हा एवढंच मागत होतो की बाबांनी आता काही दाखवू नये.

दिवाळीत आम्ही पोरांनी किल्ले केले. मिठागरांच्या बाजूची चिकणमाती गोणीने आणायची, विटांवर लिंपायची, मोहरी पेरायची, मग रोज उठून हिरवं आलं का बघायचं. पाडव्याच्या दिवशी भर दुपारी बाबांनी आमचा टीव्ही खाली कंपाउंडमध्ये उतरवला. चालू यंत्र खाली नेता येत नव्हतं, म्हणून सगळं तिथेच लिहायचं होतं. टेबल मांडलं, हसमुखभाईंच्या घरातून वायर आणली, पडद्यावर ऊन पडू नये म्हणून बाजूला बांबू रोवून चादर बांधली. आणि त्या चादरीच्या आडोशाला बसून बाबा टाइप करायला लागले. एका बोटाने. प्रत्येक मुलाचं नाव, नावाखाली दिवा. माझं नाव सगळ्यांत शेवटी, कारण घरच्यांनी पंक्तीत शेवटी बसायचं असतं. लांब बटण कुंकवामुळे अडकायचं, ते नखाने वर काढायचं आणि पुढचं अक्षर. येणारे जाणारे थांबून बघत होते. मी माझ्या किल्ल्यावर पाणी शिंपडत होतो, गरजेपेक्षा बरंच जास्त. मोहरी वाहून जायला लागली होती.

संध्याकाळ झाली. खुर्च्या लागल्या, भाड्याचा माइक आला, बायका नव्या साड्यांत, पोरं पहिल्या रांगेत जमिनीवर. मी त्यांच्यात. पडद्यावर अंधार होता आणि कोपऱ्यात बाबांची पणती फडफडत होती. ती लोकांनी बघितली. मागून कोणीतरी म्हणालं, ‘अरे, ये तो सही में हिलता है,’ आणि मी पहिल्यांदा मान थोडी वर केली.

हसमुखभाईंनी त्या वर्षी बिल्डिंगवर नव्या रोषणाईच्या माळा सोडल्या होत्या, गच्चीपासून खालपर्यंत. ऐन कार्यक्रमाला त्या लागाव्यात म्हणून राखून ठेवल्या होत्या. त्यांनी स्वतःच्या हाताने बटण दाबलं. माळा क्षणभर लागल्या, सगळ्यांनी वर बघितलं, आणि फ्यूज उडाला. माळा, माइक, टीव्ही, सगळं गेलं. टीव्हीची वायर त्याच बोर्डावर होती.

फ्यूज बांधायला फार वेळ लागला नाही. दिवे आले. टीव्ही आला. पडद्यावर काही नव्हतं, एका कोपऱ्यात एक छोटी रेघ लुकलुकत होती, काय लिहू असं विचारत.

‘सावंतभाई, दो मिनिट में हो जाएगा ना?’ हसमुखभाईंनी विचारलं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता.

‘नाही होणार,’ बाबा म्हणाले.

मग त्यांनी हसमुखभाईंच्या हातातून माइक घेतला. बाबा आयुष्यात माइकवर बोलले नव्हते. त्यांनी तो तोंडाच्या फार जवळ धरला, त्यामुळे आवाज शेजारच्या दोन सोसायट्यांत गेला असणार. ‘हा कॉम्प्युटर नाही,’ ते म्हणाले. ‘मला वाटलं होतं आहे. तसा नाही. गेम आहे. मुलांनो, या, खेळा. मोठ्यांनीही यायला हरकत नाही.’ आणि खिशातून पिवळी कॅसेट काढून त्यांनी घातली.

त्या पाडव्याबद्दल आमच्या जुन्या बिल्डिंगमधले लोक अजून बोलतात. साळवी काकूंनी पदर खोचून गेम खेळला. हसमुखभाई पहिल्याच खड्ड्यात पडले, पुन्हा पडले, आणि मशीनच खराब आहे म्हणाले. माणसं पोट धरून हसली. बक्षिसं द्यायची राहून गेली, ती दुसऱ्या दिवशी घरोघर वाटली. एवढी धमाल आमच्या सोसायटीत पुन्हा झाली नाही. मला त्यातलं काही नीट दिसलं नाही. मला फक्त तो माइकवरचा आवाज ऐकू येत होता, मला वाटलं होतं आहे. तसा नाही.

त्यानंतर बाबांनी घरात नवी वस्तू आणली नाही. मिक्सर आला तो आईने आणला. वॉशिंग मशीन, रंगीत टीव्ही, पुढे मोबाइल, प्रत्येक वेळी बाबा म्हणायचे, ‘तुम्हीच बघा काय ते.’ ऑफिसात पुढच्या वर्षी कॉम्प्युटर शिकायला नावं मागवली तेव्हा साहेबांनीच विचारलं म्हणे, सावंत, येताय का. बाबा नको म्हणाले आणि त्याच टेबलावरून रिटायर झाले. माहितीपत्रकं खोक्यातच राहायला लागली. मी या सगळ्याचा दोष कधी केतनला दिला, कधी दुकानदाराला, बऱ्याचदा हसमुखभाईंच्या माळांना. माणसाला एका संध्याकाळी एवढं हरवावं असं त्या फ्यूजमध्ये काय होतं, ते मला कळत नव्हतं. पण लाजेने माणूस मिटतो हे मी बघितलं होतं, आणि मी ठरवलं होतं की आपण कधी कोणासमोर ‘मला वाटलं होतं’ म्हणायचं नाही. म्हणून ती मान हलवायची कला.

आता आम्ही मीरा रोडला पूनम सागरमध्ये राहतो. आई-बाबा आमच्याकडेच असतात. दसऱ्याला आई माळ्यावरून तो करडा कीबोर्ड काढायला लावते. कधीचा बंद पडलाय, पण तिच्या लेखी तो घरातला पहिला कॉम्प्युटर आहे, कोणी काही म्हणो. झालरीच्या कव्हरासकट तो पाटावर बसतो, माझ्या लॅपटॉपच्या शेजारी, आणि दोघांना सारखंच कुंकू लागतं.

यंदा पूजा झाल्यावर बाबा त्याच्यापाशीच बसून राहिले. ओल्या फडक्याने ते लांब बटण पुसत होते. जुनं कुंकू फटीत काळं पडलंय, निघत नाही. काय झालं कोण जाणे, मी इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं.

‘बाबा, त्या पाडव्याला तुम्हाला फार लाज वाटली असेल ना?’

‘माइकवर? छे रे,’ ते म्हणाले. ‘बोललो आणि सुटलो. चुकीची वस्तू आणली, त्यात काय एवढं. बाजारात माणूस फसतो.’

मग बराच वेळ बटण पुसून झाल्यावर म्हणाले, ‘तू पुढेच बसला होतास. सगळी पोरं टीव्हीकडे धावली, तू उठला नाहीस. गुडघ्यांत डोकं घालून बसलेलास. ते बघितलं मी.’

बाबांनी फडक्याची घडी उलटी केली.

‘तेव्हा म्हटलं, पुरे आता. आपल्या हौसेपायी पोराला मान खाली घालावी लागते.’

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. कालची भाजी कशी झाली होती हे सांगावं तसं त्यांनी सांगितलं. माझ्या ओठांवर आलं होतं की मी लहान होतो, मला काय कळत होतं. खरंही होतं ते. पण तेवढ्याने कान थंड होईनात. इतकी वर्षं मी केतन, दुकानदार आणि फ्यूज धरून बसलो होतो. बाबांना फ्यूजने हरवलं नव्हतं. ते माइक हातात घेऊन उभे राहिले, सगळ्यांसमोर खरं बोलले, आणि मग त्यांनी मला बघितलं.

आई स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होती. झेंडूच्या पाकळ्या पंख्याने लादीवर पसरल्या होत्या. मी लॅपटॉपवरच्या अक्षता झटकल्या आणि म्हणालो, ‘बाबा, आमच्या स्टुडिओत एक नवीन आलंय. दोन चित्रं दिली की मधली तेच काढतं. सगळी पोरं वापरतात.’

‘बरं.’

‘मला येत नाही ते. काल मी येतं म्हणून सांगितलं.’

बाबांनी फडकं बाजूला ठेवलं. चष्मा कपाळावर सरकवला, पाट थोडा हलवून जागा केली आणि लॅपटॉप स्वतःकडे ओढला.

‘माहितीपत्रक आहे का त्याचं?’ त्यांनी विचारलं.